तुरीच्या कोंबातलं एन्झाइम

जळावं असं ज्याच्याजवळ काहीएक नाही, अशा माणसावर वर्षानुवर्षं जळत राहायची पाळी साऱ्या लातुरात माझ्या एकट्यावरच आली असावी. हा माणूस म्हणजे आमच्या हिचा मावसभाऊ. मी बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. चौकाचौकांत माझे फोटो लागतात, निकालादिवशी पालक पेढे आणतात. आणि घरात कौतुक कुणाचं? तर नांदेडच्या प्रयोगशाळेत तुरीचे मोड ठेचत बसणाऱ्या याचं!

निलंग्याकडचं त्यांचं घर भूकंपात पडलं. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये अभ्यास करून यानं डॉक्टरकीला पुरून उरतील एवढे मार्क पाडले, जे मला काही केल्या पडले नव्हते, आणि गेला बीएस्सीला! तुरीच्या पेशीत डीएनएची नक्कल करणारं एक एन्झाइम असतं. त्याचं जनुक जिवाणूत घालून ते जिवाणूकडून बनवून घ्यायचं, या एका खुळापायी त्याचं लग्न राहिलं. जिवाणू एन्झाइम बनवायचे, पण ते कामच करायचं नाही. आमच्याकडं जेवायला बसला की वरणाकडं बघून हळहळायचा, "अक्का, डाळ शिजवली की संपलंच की गं सगळं!" आणि मग वाट्यांवर वाट्या रिचवायचा.

एका उन्हाळ्यात नांदेडला वीज सारखी जायला लागली, तसा हा नवं एन्झाइम थर्मासमध्ये बर्फात घालून एसटीनं थेट आमच्या दारात. आमचा फ्रीज त्याच्या पसंतीस उतरेना. शेवटी जनरेटरवाल्या एका आइस्क्रीमच्या दुकानात मीच शब्द टाकला. दुकानदारानं विचारलं, "सर, फ्लेवर कोणता?" हा गंभीरपणे म्हणाला, "तूर."

बिघडावं एकदाचं, असं मला मनातून वाटायचं. तरी क्लासला जाता-येता फ्रीझरचं झाकण नीट लागलंय का, ते मी रोज बघून यायचो.

वीज ठिकाणावर आली, तो थर्मास घेऊन परत गेला, आणि काही दिवसांनी क्लासच्या ऑफिसात फोन आला.

"दाजी, जमलं! नक्कल करायलंय ते!"

"अरे, आधी अक्काला सांगायचं."

"तिला सांगतो की. लई खूश होईल. पण काय जमलं, ते तुमच्याबिगर घरात कुणाला कळणार हाय?"

फोन ठेवून मी वर्गाकडं निघालो. हॉलमध्ये पोरं खोळंबली होती. नेमलेला धडा बाजूला ठेवून मी त्या एन्झाइमचंच सांगत सुटलो. मागून एका पोरीनं विचारलं, "सर, हे परीक्षेला हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

वह्या मिटल्याचे आवाज आले. मी मात्र डीएनएचा दुसरा पेड काढत राहिलो. तास संपला, पोरं गेली, तरी तो फळा काही मला पुसवेना.