रुपयाएवढ्या जागेत आमचं रान

मंडळी, अंगावरचा काटा अजून गेला नाही, म्हणून लगेच लिहितोय.

टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी मी बोटाएवढे सैनिक रंगवतो. आज एकाच्या पायाखालच्या रुपयाएवढ्या चकतीवर भांडगावच्या आमच्या रानातली काळी माती कालवून लावली आणि दौंडच्या घरी गच्चीत वाळत ठेवली. दुपारी बघतो तर उन्हाळ्यात रानाला पडतात तशाच भेगा, केसाएवढ्या बारीक! मी एकही कोरली नव्हती.

गुडघ्यांमुळे आईला रानात जाऊन वर्षं झाली. ती भिंगातून बराच वेळ बघत राहिली.

"आरं, ही तर आपली हिरीजवळची पट्टी हाय," ती म्हणाली. "ह्या गड्याला जपून उभा कर. भेगंत पाय जातो."

तुमच्या गावची माती इतक्या जवळून कधी बघितलीत का?