ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी

आईला दम लागला तेव्हा फुलंब्रीहून मी तिला थेट शहरात, मावसबहिणीच्या दवाखान्यात आणलं. मावसबहीण तिथं सिस्टर. "मावशीची फिकर करू नको, मी हाय ना," म्हणाली, अन् मी डोळे मिटून विश्वास ठेवला. घरचंच माणूस असल्यावर आणखी काय पाहिजे?

आईला ऑक्सिजन लावला. भिंतीवरच्या बाटलीत पाणी असतं, त्यातून बुडबुडत ऑक्सिजन नाकाशी येतो. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल देव जाणे, म्हणून वॉर्डाच्या कोपऱ्यात निळा ड्रम भरून ठेवलेला. बाटलीतलं पाणी कमी झालं की आया त्याच ड्रममधून तांब्याभर ओतायची. जुनं पाणी फेकणं नाही, बाटली धुणं नाही. बहीण शेजारीच उभी असायची. मला वाटलं, असंच असतं.

दम कमी झाला. घरी जायचं म्हणून आईनं धुतलेली साडी मागवली, अन् त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. न्यूमोनिया. चिकलठाण्याकडच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हे जंतू दवाखान्यातलेच. बाटलीतल्या साठल्या पाण्यातूनही छातीत जातात, अन् साध्या औषधांना दाद देत नाहीत. आई गेली. बहीण गळ्यात पडून माझ्यापेक्षा जास्त रडली. मीच तिची समजूत घातली, बाई!

या उन्हाळ्यात तिचे सासरे तिच्याच दवाखान्यात, त्याच वॉर्डात होते. मी डबा घेऊन गेले. आया तांब्या घेऊन आली, तशी बहीण केवढ्यानं खेकसली, "ए, ते ड्रमचं नको! लई घाण असतंय." पिशवीतून तिनं ऑक्सिजनची नवीकोरी बाटली काढली, शुद्ध पाण्याच्या बाटलीचं सील फोडलं, ते पाणी तिच्यात काळजीनं भरलं. मग वळली, तर दारात मी.

मी तिथूनच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

तिनं नजर चुकवली. "दवाखान्याकडनं मिळत नाय गं. हे मी पदरचं आणलंय. सगळ्या पेशंटला कुठून पुरवू?"

डबा मी सासऱ्यांच्या उशाशी ठेवला. त्या म्हाताऱ्याचा काय दोष? पण अंगाची नुसती आग आग होत होती.

"पेशंट?" मी म्हटलं. "मावशी म्हणायचीस ना गं तिला?"