नव्या रिव्हॉल्व्हरची तक्रार

२०२२ साल. मला अडुसष्ट वर्षं झाली होती, आणि त्या वर्षी गणपती उठल्यावर माझ्या हातात रिव्हॉल्व्हर आलं. लायसनचं, नवं कोरं.

शाळा माझी चौथीपर्यंत. तेव्हा लिहिताना चुकलो तर चुकलो. पण घडलं ते सरळ सांगतो, कारण ही गोष्ट मी बरेच दिवस वाकडी करूनच सांगत होतो.

बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या रस्त्याला माझी दोन गुंठे जागा आहे. फंडाच्या पैशातून घेतलेली. तिथलं कुंपण कुणीतरी दोनदा आत सरकवलं. तिसऱ्या वेळी मी पोलिसात गेलो, तर चार जण अंबरनाथला घरी येऊन सांगून गेले, "काका, वय झालं, आता आराम करा." मला कुणी आराम करा म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी लायसनचा अर्ज टाकला. तीन वर्षं चकरा मारल्या. एका साहेबाने विचारलं, "या वयात कशाला हवं हत्यार?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही माझ्या कुंपणापाशी उभे राहता का? मग नको."

खरं सांगायचं तर कुंपण हे निमित्त होतं. आमच्या आजोबांच्या हातात काठी असायची, पण ती गावाची. गावकीचं काम करताना धरायची आणि पाटलाच्या दारात खाली ठेवायची. आमच्या घरात स्वतःच्या नावाचं, सरकारी शिक्क्याचं हत्यार घेणारा मी पहिला. तो कागद मी चार वेळा झेरॉक्स केला.

बापाने छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. त्याने देवांचे टाक फडक्यात बांधून उल्हास नदीत सोडले. तेव्हापासून आमच्याकडे पूजा नाही, नारळ नाही, अक्षता नाहीत. आणि याचा घरातला सगळ्यात कडक पहारेकरी मी. सुनेने एकदा दाराला लिंबू-मिरची बांधली, तर मी ती शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर तोडून गटारात टाकली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, नको बोलू.

दुकान उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या बाजारात, जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीला लागून. मालक सिंधी शेठ, पन्नाशीचा, तोंडाने गोड. आत खिडकीपाशी त्याचा मिस्त्री बसायचा. माझ्याच वयाचा मुसलमान माणूस, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं कमी. रिव्हॉल्व्हर द्यायच्या आधी त्याने ते पाच-सहा वेळा फिरवून पाहिलं, कानाशी धरून ऐकलं. ते मला आवडलं. मी स्वतः चौतीस वर्षं लेथवर होतो. मशीन कुठे दुखतंय ते मलाही कानानेच कळायचं.

शेठने ताम्हन पुढे केलं. हळदकुंकू, फूल, सगळी तयारी. म्हणाला, "काका, पहिली पूजा इथेच करून घ्या. सगळे गिऱ्हाईक करतात."

मी ताम्हन हाताने मागे सारलं. म्हटलं, "आमच्यात हे चालत नाही. लोखंड आहे ते. लोखंडाला तेल लागतं, कुंकू नाही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही बघायला लागली. मिस्त्रीने मान वर केली, हसला आणि म्हणाला, "ये बात सही है."

मी छाती काढून बाहेर पडलो.

आता थोडं मागचं. कारखान्यात खंडेनवमीला मशीन धुऊन, झेंडूची माळ घालून पूजा करायची पद्धत होती. पहिल्या वर्षी मी माझ्या लेथला हात लावू दिला नाही. त्याच आठवड्यात माझ्या शेजारच्या मशीनवर एकाचं बोट गेलं. त्याने पूजा केली होती, मी नव्हती, तरी बोट त्याचं गेलं; म्हणजे हिशोब काहीच लागत नव्हता. पण माझ्या मनात भीती बसली ती बसली. पुढच्या वर्षापासून मी माझ्या लेथला कुंकू लावलं. तेहतीस वर्षं लावलं. घरी मात्र सांगायचो, "सगळे पूजा करतात, मी बाजूला उभा राहतो."

दसरा जवळ आला तसं ते रिव्हॉल्व्हर मला खायला लागलं. बोट जाणं वेगळं, आणि हे तर गोळी मारणारं यंत्र. घरात नातवंडं. मी ते दोन कुलपांत ठेवायचो, गोळ्या वेगळ्या ठेवायचो, तरी मन ऐकेना. शेवटी कुंकवाची पुडी आणायला मी अंबरनाथहून बदलापूरला गेलो. अंबरनाथच्या बाजारात माझ्या ओळखीचं कोण भेटेल काय सांगावं. फुलवाली म्हणाली, "माळ नको का, बाबा?" मी चोरासारखं म्हटलं, "पुडीच द्या."

दसऱ्याला आमचा धम्मदिन. घरचे सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेले. माझा मुलगा तिथल्या कमिटीचा सेक्रेटरी. मी गुडघा दुखतो म्हणून मागे राहिलो. दार लावलं. रिव्हॉल्व्हर रिकामं करून, उघडं करून फडक्यावर ठेवलं. डब्यातले रेशनचे तांदूळ घेतले, बरीचशी कणीच होती. कुंकवात कालवले आणि वरून टाकले. हात जोडले. काय बोलायचं ते मला येत नव्हतं, म्हणून नुसतं म्हटलं, "कुणाला लागू नकोस." मग सगळं पुसलं, फुंकलं, बंद केलं.

संध्याकाळी सून म्हणाली, "बाबा, नखाला लाल काय लागलंय?"

"रेड ऑक्साईड. गेटला लावायला काढला होता."

मग दुसऱ्या दिवशी गेटला रेड ऑक्साईड लावावा लागला.

दर रविवारी मी ते रिकामं करून तपासायचो. दसऱ्यानंतरच्या रविवारी गोळ्यांचं चाक अर्ध्यावर येऊन अडलं. जोर दिला तर फिरलं, परत अडलं. माझ्या मनात कुंकू, तांदूळ काहीसुद्धा आलं नाही. मनात आलं ते हेच, की मला फसवलं. म्हातारा बघून खराब माल गळ्यात मारला.

सोमवारी दुकानात गेलो. मिस्त्रीने फिरवलं तर नीट फिरलं. त्याने तेल दिलं आणि म्हणाला, "कुछ नहीं है, भाईसाब." घरी आणलं, पुन्हा अडलं. दुसऱ्या खेपेला मी दुकानात आवाज चढवला. मी कमी शिकलेला, पण आवाज मोठा. शेठला सगळ्यांदेखत म्हटलं, "तुमच्या मिस्त्रीला दिसत नाही. काचेच्या बरण्यांचे तळ लावून बसलाय डोळ्याला. आंधळ्याकडून माल तपासून घेता आणि लोकांच्या हातात देता?"

शेठ मिस्त्रीकडे बघत राहिला. ते बघणं मला तेव्हाच कळलं होतं. कारखान्यात शेवटी शेवटी फोरमन माझ्याकडे तसंच बघायचा.

मुलाने माझ्या सांगण्यावरून अर्ज लिहिला. त्याची भाषा चांगली. 'सदर हत्यार सदोष असून तपासणीत अक्षम्य हलगर्जी झालेली आहे.' अक्षम्य म्हणजे काय ते मी त्याला विचारलं नाही, पण शब्द मला भारी वाटला. गुरुवारी दुपारी तो सुट्टी काढून माझ्याबरोबर आला आणि त्याने अर्ज शेठच्या टेबलावर ठेवला. शेठ वाचत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. म्हणाला, "साहेब, हा वर पाठवू नका. माझं दुकानाचं लायसन आहे. आत्ता तुमच्यासमोर खोलून बघतो. ह्याची चूक निघाली तर ह्याला उद्यापासून घरी बसवतो. बस?"

मुलगा म्हणाला, "आम्हाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण चूक ती चूक."

हे वाक्य तो माझ्याकडूनच शिकलाय.

मुलगा शेठबरोबर टेबलाशी राहिला. मी मिस्त्रीच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो, त्याच्यावर नजर ठेवायला. त्याने रिव्हॉल्व्हर उघडलं. उडालेल्या गोळ्यांची रिकामी टरफलं बाहेर ढकलायला आत चांदणीसारखी एक चकती असते. ती वर उचलून त्याने चष्मा कपाळावर सारला आणि डोळा अगदी जवळ नेला. मग बारीक चिमट्याने आतून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं.

तांदळाची कणी. लाल.

त्याने ती बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. आश्चर्य नाही, राग नाही. नुसतं बघितलं. माझे कान तापले. पाठीमागून मुलाचा आवाज येत होता, तो शेठला ग्राहकाचे हक्क समजावत होता.

शेठ ओरडला, "काय निघालं रे?"

मिस्त्रीने मूठ मिटली. म्हणाला, "कचरा होता, सेठ. चांदणीखाली."

"कचरा? नव्या मालात कचरा? आणि तू तपासून दिलास?"

मिस्त्री पुन्हा माझ्याकडे बघायला लागला. घाई केली नाही त्याने. मला बोलायला पुरेसा वेळ होता. 'तांदूळ माझा आहे,' तीनच शब्द. पण मुलगा तीन हातांवर उभा होता, विहाराचा सेक्रेटरी, आणि त्या दुकानात मी म्हणून गेलो होतो की लोखंडाला कुंकू लागत नाही. माझ्या तोंडातून आलं ते असं: "बघा. मी म्हटलंच होतं."

हे मी म्हटलं. माझ्या या तोंडाने.

मिस्त्रीने मान खाली घातली. शेठ त्याला हिंदीत बोलत राहिला. नजर गेली, धंदा बुडवशील, उद्या हिशोब घे आणि घरी बस. मुलाने रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं. मी चाक फिरवलं. लोण्यासारखं फिरलं.

परत येताना शेअर रिक्षात मुलगा खूश होता. "बाबा, तुमचं बरोबर निघालं." मी बाहेर बघत राहिलो. रात्री जेवण जाईना. सुनेने विचारलं तर सांगितलं, दात दुखतोय. गुडघा, गेट, आता दात. आयुष्यभर लोकांना खरं बोला म्हणून दटावलं आणि एका कणीपायी माझं किती खोटं झालं, ते मोजायचीही लाज वाटली. सगळ्यात जास्त लाज याची, की तो माणूस मूठ उघडून दाखवू शकत होता. त्याची रोजीरोटी त्या मुठीत होती. त्याने ती माझ्या अब्रूसाठी मिटली, आणि मी त्याच मुठीवर पाय ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या आधी मुलाला आणि सुनेला स्वयंपाकघरात उभं केलं आणि सगळं सांगितलं. लेथपासून. सून ओट्याकडे वळली आणि भांडी लावायला लागली. आता दुकानात जाऊन हेच सांगणार, म्हटलं. मुलगा म्हणाला, "मी येऊ का बरोबर?"

"नको. तू काल होतास म्हणूनच घोटाळा झाला."

शटर उघडायच्या आधीच मी दुकानापाशी उभा होतो. शेठ आला, मागून मिस्त्री आला, रिकामी पिशवी घेऊन. आपली कामाची हत्यारं न्यायला आला होता. शेजारचा जीन्सवालाही दुकान उघडत होता. तो ऐकत असताना मी म्हटलं, "शेठ, काल निघाला तो कचरा तांदूळ होता. कुंकवाचा. मी घरी चोरून पूजा केली, त्यातला. मिस्त्रीची चूक नाही. मला काल माहीत होतं."

शेठ माझ्याकडे बघत राहिला. "काका, काल का नाही बोललात?"

"घाबरलो."

"तुम्ही?"

"हो. मी."

शेठने मिस्त्रीकडे बघितलं आणि खाली वाकून शटर वर केलं. मिस्त्री आत जाऊन खिडकीपाशी आपल्या जागेवर बसला. रिकामी पिशवी त्याने घडी करून खाली ठेवली. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि माफी मागितली. हा शब्द मी बायकोलासुद्धा कधी म्हटला नव्हता, ती गेली तरी नाही.

त्याने चष्मा पुसला, डोळ्याला लावला आणि हाताने इशारा केला.

"थोडा बाजूला व्हा, भाईसाब. उजेड अडतोय."

मी बाजूला झालो.