वाजत्या कड्याचा पाइप

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. गेल्या महिन्यात एका कोकणी गावाच्या मुंबई मंडळाची स्मरणिका हाती आली नसती, तर पुढेही टाळलं असतं. तीत छापलंय की गावचा धबधबा गेला, कारण भिकाजी घाडी यांनी नकाशा न वाचता धरणाला संमती दिली. हे खोटं आहे. घाडींनी नकाशा वाचला होता. मीच वाचून दाखवला होता.

मी ड्राफ्ट्समन. गिरगावातल्या एका इंजिनीअरिंग फर्ममध्ये होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. संध्याकाळी अर्धं ऑफिस शिवाजी पार्कच्या सभेला जायचं. घसा बसेपर्यंत घोषणा द्यायच्या, आणि सकाळी त्याच बसलेल्या घशाने साहेबांना 'येस सर' म्हणायचं. त्यात मी पहिला.

काम एका खासगी कंपनीच्या धरणाचं होतं. नदीला भिंत घालायची, पाणी बोगद्याने डोंगरापलीकडे न्यायचं आणि तिथे वीज करायची. भिंतीच्या खाली फर्लांगभर अंतरावर एक धबधबा होता. गावकरी त्याला वाजता कडा म्हणत. उन्हाळ्यातही त्याची एक धार तुटत नसे. शिमग्यात देवीची पालखी त्या धारेखाली न्हायची. म्हणून गाव अडून बसलं होतं. शेवटी तोड निघाली, की भिंतीच्या तळाशी एक पाइप ठेवायचा. धारेपुरतं पाणी त्यातून सुटत राहील.

घाडी लालबागच्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत. मंडळाचे सेक्रेटरी होते आणि गाव त्यांच्या शब्दावर चालायचं. पाळी संपवून ते नकाशा बघायला आले, केसांत कापसाची पिंजण तशीच.

"ही रेघ कसली, साहेबानू?"

"तोच पाइप, घाडीबुवा. भिंतीच्या डाव्या टोकापासून बेचाळीस फुटांवर."

"आणि ह्येच्यातसून पाणी बारमाय येतला?"

"बारमाही."

त्यांनी एका हाताचं बोट त्या रेघेवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने संमतीपत्रावर सही केली. मग एक निळी प्रिंट नीट घडी घालून घेऊन गेले.

आठवड्याने आमच्या फर्मच्या विजयकरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"प्रधान, तो पाइप काढा."

"सर, गावाने तो बघून सही केलीय."

"सही झाली ना? मग पाइपचं काम संपलं. क्लायंटला चोवीस तास गळती नकोय."

"रिव्हिजन काय लिहू?"

"काही लिहू नका. जमत नसेल तर सांगा, बाहेर ड्राफ्ट्समन पुष्कळ आहेत."

इथे थोडं समजावून सांगतो. तेव्हा मूळ नकाशा ट्रेसिंग क्लॉथवर, म्हणजे खळ दिलेल्या पारदर्शक कापडावर, शाईने काढत. त्यावरून निळ्या प्रिंट निघत. रेघ काढून टाकायची तर दाढीच्या ब्लेडने खरवडायची आणि वर संगजिऱ्याची पूड चोळायची. मग कोपऱ्यातल्या चौकटीत लिहायचं, काय बदललं, कधी बदललं, कुणी बदललं. हा रिव्हिजनचा कॉलम. तो कोरा ठेवला, की नकाशा पहिल्यापासून तसाच होता असं दिसतं.

पाच मिनिटांत मी पाइप खरवडला. हात चांगला होता माझा. कॉलम कोरा ठेवला.

धरण झालं. पुढच्या शिमग्याच्या तोंडावर घाडी प्रिंट घेऊन ऑफिसात हजर. कड्यावर थेंब नव्हता. साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"जाऊन या त्यांच्याबरोबर. चोकअप झालंय म्हणा. जास्तच बोलले तर ओरिजिनल ट्रेसिंग बघा म्हणावं. प्रिंट काय, कुणीही आणेल."

मी गेलो. वाजता कडा म्हणजे नुसता काळा दगड उरला होता. शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे सुटले होते. खालच्या डोहातला गाळ भेगाळला होता आणि त्यात एक म्हैस उभी होती, बहुधा सवयीने. पालखी आली होती. विहिरीचं पाणी कळशीने तिथवर वाहून आणून देवीला न्हाऊ घातलं. ढोलसुद्धा मन लावून कुणी वाजवला नाही.

मग घाडी मला भिंतीकडे घेऊन गेले. "साहेबानू, टेप धरा."

मी धरला. डाव्या टोकापासून बेचाळीस फूट मोजून दिले. अर्ध्या इंचाची चूक केली नाही. घाडींनी तिथे बसून माती उकरली, भिंतीला कान लावला, दगडाने ठोकून पाहिलं. मग दोन फूट डावीकडे. मग दोन फूट उजवीकडे. मी टेप हातात धरून उभा. गाव वरून बघत होतं.

"सोड आता, भिकाजी," पालखीच्या भोयांतला एक जण म्हणाला. "गावाक आणि किती फसयतलस? इकलंस तू कडो."

घाडी उठले. कोपरापर्यंत चिखल. "साहेबानू, तुमीच सांगा ह्यांका. नकाशात पाइप होतो ना?"

एका शब्दाचं काम होतं. मी म्हणालो, "ऑफिसात तपासून सांगतो."

रिपोर्टात मी लिहिलं, आउटलेट सापडत नाही, गाळ साचला असण्याची शक्यता. विजयकरसाहेबांनी 'गुड' असा शेरा मारला आणि वर्षअखेरीला मला सीनियर केलं. गावाने घाडींना मंडळातून काढलं. लालबागच्या चाळीत गावकीची खोली होती, तिथून त्यांची ट्रंक उचलून गॅलरीत ठेवली. ते परळला भाच्याकडे राहायला गेले.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा मी परळला गेलो. सगळं सांगायचंच, असं ठरवून. बोलताना धीर सुटेल म्हणून चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती. घाडी चाळीच्या दारात पेढे वाटत उभे होते, कपाळभर गुलाल. त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात पेढा घातला.

"आता आपला राज्य इला, साहेबानू. मी नव्यान अर्ज करतलंय. तुमी साक्ष देतलात ना?"

तोंडात पेढा होता. मी मान डोलावली.

त्यांनी अर्ज केला. सुनावणीच्या दिवशी मी सिक लीव्ह टाकली. घाडी वारल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं.

पुढे माझ्या हाताखाली पुष्कळ ड्राफ्ट्समन तयार झाले. रिव्हिजनचा कॉलम कोरा ठेवू नका, असं मी त्यांना ओरडून सांगायचो. ते मला फार काटेकोर माणूस समजत.

ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. मजकूर एवढाच: 'घाडीबुवा, पाइप नकाशात होता. तो मी खरवडला. मला माफ करा.'