सिस्टर तसं म्हणाल्या नाहीत

सिस्टरनी अप्पांना बसा म्हटलं नाही.

शाळेच्या ऑफिसात टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, दोन्ही रिकाम्या. तरी अप्पा उभे. बगलेत गाठोडं. गाठोड्यात सॅश. लाल, पिवळे, हिरवे, निळे. स्पोर्ट्स डेला चारी हाउसच्या मुली खांद्यावरून तिरके बांधतात, ते कापडाचे पट्टे. अप्पा, माझे वडील, दर वर्षी ते रंगवून शाळेला देत. कापड त्यांचं, रंग त्यांचा, मेहनत त्यांची. मुलीला इतक्या मोठ्या कॉन्व्हेंटमध्ये घेतलं, तर आपण एवढं करायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. शाळेचंही तेच म्हणणं असावं, कारण नको असं कुणी कधी म्हणालं नाही.

अप्पांनी गाठोडं टेबलावर ठेवायला हात पुढे केला. सिस्टरनी पेन उचललं आणि पेनानंच दार दाखवलं.

"आउटसाइड. द कलर विल कम."

रंग लागेल म्हणे. धुऊन, वाळवून, इस्त्री करून आणलेल्या कापडाचा. अप्पांना इंग्रजी येत नाही, पण पेन कळलं. ते बाहेर गेले, चपलांच्या रॅकजवळ गाठोडं ठेवलं आणि परत आत आले. हसत आले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

आम्ही म्हैसूरचे. लष्कर मोहल्ल्यात आमचं रंगाचं दुकान. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण पेटलं की दोन्ही. आमच्या आज्याच्या वेळी कापडावर छपाई चालायची. आता विटलेल्या साड्या येतात, त्यांना आम्ही नवा रंग चढवतो. मागच्या अंगणात हंडा उकळत असतो. अप्पांच्या बोटांची मूळ कातडी कशी दिसते ते मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी शाळेत यायचं म्हणून त्यांनी ब्लीचिंग पावडरनं हात घासले होते. आई म्हणाली, "बास की हो आता, रक्त निघंल." बोटं पांढरी झाली नाहीत, नुसती सोलली.

शाळेच्या फाटकावर एक बोर्ड. दहावीचा निकाल शंभर टक्के. दर वर्षी पेंटर यायचा आणि फक्त साल बदलून जायचा. शंभर तसाच. बोर्डाखाली पहिल्या आलेल्या मुलींचे फोटो. आयाबाया रिक्षा थांबवून ते वाचायच्या. माझ्या आईनंही तसंच थांबून वाचलं होतं, म्हणून मी तिथं गेले.

शंभर कसा होतो ते आत गेल्यावर कळतं. नववीत आम्ही बाकावर इतक्या दाटीनं बसायचो की लिहिताना कोपर शेजारणीच्या वहीवर जायचं. दहावीत बाकं ऐसपैस झाली. मुली कुठं गेल्या? काहींना नववीतच बसवलं. काहींना दाखला देऊन घालवलं. उरल्यासुरल्यांचं दसऱ्याच्या सुट्टीनंतर बघत. सहामाहीचे पेपर मिळाले की पालकांना बोलावणं जायचं. परीक्षा बोर्डाकडे दहावीची नावं जायच्या आधी कच्च्या मुलींना गाळायचं. दाखला घ्या, बाहेरून परीक्षेला बसा. मग ती नापास झाली काय आणि विहिरीत पडली काय, शाळेच्या हिशेबात ती नाहीच. पास होणाऱ्याच ठेवायच्या आणि मग सगळ्या पास झाल्या म्हणून टाळ्या पिटायच्या. ह्याला तिथं रेकॉर्ड म्हणत.

फिलोमिना माझ्या बाकावरची. तिचे वडील नंजनगूडच्या कारखान्यात, ती रोज तिथून बसनं यायची. घरचं वातावरण चर्चचं. शाळेच्या प्रत्येक प्रार्थनेला तिचाच आवाज लागायचा, पाहुणे आले की तिलाच पुढे उभं करायचे. गणितात मात्र माझ्यासारखीच. आमच्या गणिताच्या मॅडम शेवटच्या बाकांना डेंजर झोन म्हणायच्या. आम्ही दोघी डेंजर झोन. सुट्टीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात फिलोमिनाच्या आईला बोलावलं. दुसऱ्या दिवसापासून फिलोमिना नाही. सकाळची प्रार्थना दुसऱ्या कुणीतरी म्हटली, बेसूर. कुणी चौकशीही केली नाही.

मॅडमबद्दल सांगायलाच हवं. त्या मराठी. आमच्यासारख्याच पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरच्या, पण शिकलेल्या घरातल्या. नवरा बँकेत, सासरे वकील. वर्गात त्या माझ्याशी मराठीचा एक शब्द बोलत नसत. माझी वही दोन बोटांनी कोपऱ्याला धरून उचलायच्या आणि म्हणायच्या, "रंगारी, कीप युवर हँड्स अवे." वर्ग खिदळायचा. माझं नाव रजिस्टरमध्ये होतं. तोंडी मी रंगारीच.

शिपाई आमच्या दुकानात निरोप घेऊन आला तेव्हा मी ओळखलं. अप्पांना सांगितलंही. "अप्पा, मला काढायला बोलावलंय."

"सुम्मने उगाच काहीतरी बोलू नको गे," अप्पा म्हणाले. "स्पोर्ट्स डे आला. सॅशचं विचारायचं असंल त्यांना. गेल्या वर्षी निळा स्वल्प फिका झाला होता."

आणि माणूस कामाला लागला. निळा परत चढवला. आमच्यासारख्या लोकांना मोठ्या जागेतून बोलावणं आलं की वाटतं, आपल्या कामाचंच काही असणार. दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच येत नाही. सॅश तयार झाल्यावर, आपण न्यायचेच आहेत तर आजच नेऊ, म्हणून ते गाठोडं घेऊन निघाले.

तर ते असे उभे. मी त्यांच्या शेजारी. सिस्टर म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस, केरळहून बदलून आलेल्या. त्यांना कन्नड येत नव्हतं आणि शिकायची घाईही दिसत नव्हती. म्हणून बाजूला मॅडम, दुभाषी म्हणून. टेबलावर एक टाइप केलेला कागद. वडिलांच्या विनंतीवरून दाखला, असा. अप्पांनी केलेली विनंती अप्पा यायच्या आधीच टाइप होऊन पडली होती.

सिस्टर माझ्याकडे न बघता बोलल्या. ते शब्द मला आजही तोंडपाठ आहेत.

"आय हॅव नो प्लेस फॉर धिस गर्ल. शी विल स्पॉइल माय रिझल्ट. दीज पीपल शुड नेव्हर हॅव कम हिअर. टेल हिम टू साइन."

मॅडम अप्पांकडे वळल्या आणि चक्क मराठीत बोलायला लागल्या. गोड. मी तो आवाज पहिल्यांदा ऐकत होते.

"नोडी, हे बघा, आपल्यातले म्हणून सांगते हं. सिस्टरना पोरीची फार काळजी आहे. दहावीचं टेन्शन तिला झेपायचं नाही म्हणतात. कशाला सुम्मने त्रास? घरी बसून निवांत अभ्यास करू दे, बाहेरून परीक्षा देऊ दे. बाहेरून सोपं जातं, अल्वा, हो की नाही?"

आपल्यातले! इतक्या वर्षांत वही दोन बोटांनी धरणारी बाई, आणि आम्ही आज आपल्यातले झालो. केसानं गळा कापतात म्हणतात तो कसा कापतात हे मी त्या खोलीत पाहिलं.

अप्पांनी हात जोडले. सोललेले हात. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

"सिस्टरना एवढी काळजी," ते म्हणाले. "आयतु, बरं मॅडम. कुठं सही करू?"

मॅडमनी पेन पुढे केलं. अप्पांनी ते घेतलं. टोपण काढलं.

इथं माझ्या आत काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मला काढत होते ह्याचं मला इतकं वाटलं नसतं. काढलेल्या कितीतरी होत्या. पण ते थोबाडीत मारत होते आणि माझा बाप उपकार झाले म्हणून हात जोडत होता, हे मला बघवेना. भीतीही होती. तरी तोंड उघडलं.

"नाही अप्पा. सिस्टर तसं म्हणाल्या नाहीत."

अप्पांचा हात थांबला.

"त्या म्हणाल्या, ह्या मुलीला माझ्याकडे जागा नाही. ती माझा निकाल बिघडवेल. ह्या लोकांनी इथं यायलाच नको होतं. आणि म्हणाल्या, त्याला सही करायला सांगा. काळजीबिळजी काही म्हणाल्या नाहीत."

मॅडमचा चेहरा उतरला. मग चढला. "लहान पोर आहे, तिला काय कळतंय इंग्लिश?"

"तुमच्याच शाळेत शिकले," मी म्हणाले.

"व्हॉट इज शी सेइंग?" सिस्टरनी विचारलं. मॅडम टेबलावरचा कागद सरळ करायला लागल्या. मग मीच सांगितलं. मोडकंतोडकं, पण मोठ्यानं.

"आय टोल्ड माय फादर व्हॉट यू सेड. आय विल नॉट गो."

सिस्टरनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. टेबलावर चालणाऱ्या झुरळाकडे बघावं तसं.

अप्पांनी पेनाचं टोपण लावलं. पेन कागदावर ठेवलं, आडवं. मग मॅडमना विचारलं, अगदी हळू, "मॅडम, ह्या लोकांनी म्हणजे कोणी?"

मॅडमनी पेन उचलून पुन्हा पुढे केलं. अप्पा वळले, बाहेर गेले आणि चपलांजवळचं गाठोडं उचलून चालू लागले. जाताना मला म्हणाले, "तू वर्गात जा. बेल झालीय."

संध्याकाळी घरी आले तर अप्पा हंड्यापाशी. चारी रंगांचे सॅश त्यांनी एकाच हंड्यात टाकले होते. काळ्या रंगात. काठीनं ढवळत होते. लाल गेला, पिवळा गेला, सगळे गेले. ते काळे पट्टे आम्ही साड्यांची गाठोडी बांधायला वापरतो. अजून फाटलेले नाहीत.

त्या वर्षी स्पोर्ट्स डेला मुलींनी गेल्या वर्षीचे विटके सॅश बांधले.

वडिलांची सही नसल्यामुळे त्यांना मला काढता आलं नाही. मग छळायला सुरुवात झाली. माझं बाक खिडकीजवळून उचलून दारामागं लावलं. मॅडम माझी वही तपासायच्या थांबल्या, दोन बोटांनीसुद्धा उचलीनात. शंका विचारली की म्हणायच्या, "यू नो एव्हरीथिंग, नो?" मैत्रिणी लांबून हसायच्या. प्रार्थनेच्या वेळी सिस्टर दहावीसाठी देवाची कृपा मागायच्या आणि डोळे उघडून मलाच शोधायच्या. मी रोज गेले. ताप असताना गेले. गैरहजेरीचं निमित्त त्यांना मिळू द्यायचं नव्हतं.

इथं कुणाला वाटेल, मग मी पहिली आले. नाही. मी गणितात नापास झाले.

निकालाच्या दिवशी माझ्यासाठी रडणारी माझी आई एकटी. शाळा शंभरासाठी रडली. पेंटर आला, फाटकावरचं रेकॉर्ड पांढऱ्या रंगानं पुसून गेला. पुढं कितीतरी दिवस बोर्ड कोराच होता. दाखला आणायला गेले तेव्हा ऑफिसातल्या कारकुनानं तो माझ्या अंगावर फेकला. म्हणाला, "एका मुलीमुळं शाळेची मर्यादे गेली." मर्यादे म्हणजे अब्रू. फिलोमिनाला घालवलं तेव्हा गेली नव्हती ती. बापाला चपलांपाशी पाठवलं तेव्हा गेली नव्हती. माझ्या गणितानं गेली.

पुरवणी परीक्षेत मी पास झाले. त्यात कौतुकाचं काही नाही, जेमतेम झाले. फिलोमिनानं बाहेरून परीक्षा दिलीच नाही. ती साडीच्या दुकानात उभी राहून घड्या घालते. आमच्याकडे साड्या रंगवायला तीच पाठवते. गाते का विचारलं तर विषय बदलते.

मी आता अप्पांचं दुकान बघते. माझीही बोटं आता निळीच. अप्पांनी त्या दिवसाबद्दल मला कधी शाबासकी दिली नाही, मीही मागितली नाही. फाटकावर शंभर परत आला. सिस्टर बदलल्या, नवीन आल्या, त्यांनाही कन्नड येत नाही. मॅडम आता व्हाइस प्रिन्सिपल. दुभाष्याचं काम अजून त्याच करतात.

दसरा झाला की आमच्या मोहल्ल्यात बोलावणी येतात. आधी बायका लपवायच्या. आता त्या साडी रंगवायचं निमित्त काढून दुकानात येतात आणि हळूच विचारतात, "बरोबर येतेस का गे?" मी जाते. गेल्या वर्षी एका पोरीच्या आईबरोबर गेले, तर मॅडमनी दारातच अडवलं. "तू कोण? पालक आहेस का?" मी म्हटलं, "आपल्यातली." त्यांना बाजूला व्हावं लागलं. आईनं सही केली नाही आणि त्या पोरीचं नाव त्यांना बोर्डाकडे पाठवावं लागलं.

काल हुणसूरहून एक बाई आली. तंबाखूच्या शेतात मजुरी करते. पोरगी इथं हॉस्टेलला राहून त्याच शाळेत शिकते. बाईला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. शाळेनं बोलावलंय म्हणून हरखलेली. सिस्टरना द्यायला शेतावरच्या शेंगा घेऊन आलीय, पिशवीभर. मी तिला म्हटलं, शेंगा इथंच ठेव, घरी जाताना घेऊन जा.

उद्या मी तिच्याबरोबर जाणार आहे. हात घासणार नाही. बसा म्हटलं नाही तरी आम्ही दोघी खुर्च्या ओढून बसू. आणि सिस्टर काय म्हणाल्या ते मी तिला सांगेन. मॅडमच्या तोंडावर. जसंच्या तसं.