पुसलेल्या व्हिडिओतली स्प्रिंग

आमच्या शेजारचे मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करतात. जुनी काळी मशीनं ते गप्पा मारता मारता खोलून जोडतात. मी शेजारच्या स्टुलावर बसून नुसता बघतो. नव्या धाटणीचं मशीन आलं की मात्र मोबाइलवर एका कारागिराचे व्हिडिओ लावतात. त्या माणसाचा चेहरा कधीच दिसत नाही, फक्त दोन हात. म्हणून मिस्त्री त्याला ‘आमचे हातवाले’ म्हणतात.

त्या सोमवारी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचं मशीन आलं. गुरुवारपर्यंत त्यांना शाळेचे चाळीस गणवेश द्यायचे होते, त्यातले शेवटचे दहा शिवायचे राहिले होते. मिस्त्रींनी हातवाल्यांचा व्हिडिओ पूर्ण बघितला, दोऱ्याचा ताण धरणारा भाग सुटा केला आणि जेवायला गेले. परत येऊन बघतात तर व्हिडिओ गायब.

“बाबा, त्यांनी काढून टाकलाय,” मुलगी म्हणाली.

“असा कसा काढला? माझं मशीन उघडं पडलंय!”

“त्यांचा व्हिडिओ, त्यांची मर्जी.”

“पण गेला कुठे? फळा पुसला तरी हाताला खडू लागतो!”

मलाही ते कळेना. मिस्त्रींनी आठवून आठवून सगळं जोडलं. दर चार टाक्यांनी दोरा तुटायला लागला. मंगळवारी शिंपीणबाई डोकावल्या. “मिस्त्री, दुरुस्तीला दिलंय हो, मोडीत नाही!”

शेवटी मुलीने हातवाल्यांना निरोप पाठवला. बुधवारी सकाळी उत्तर आलं: ‘त्यात मी स्प्रिंग उलटी बसवली होती. लक्षात आल्यावर लाज वाटली, म्हणून काढला.’

मिस्त्रींनी स्प्रिंग फिरवली. दोरा तुटला नाही. दुपारी शिंपीणबाई मशीन घेऊन गेल्या आणि रात्रीचा दिवस करून त्यांनी गणवेश वेळेत दिले.

मिस्त्रींचं समाधान मात्र होईना. “उलट्या स्प्रिंगने त्यांचं मशीन चाललं कसं?”

“विचारा की,” मी म्हटलं.

विचारलं. उत्तर आलं: ‘तीनच टाके घातले होते.’

मिस्त्री पोट धरून हसले. मग मुलीला शेजारी बसवून मजकूर सांगितला: ‘तुम्ही व्हिडिओ पुसलात, पण माझ्या डोक्यातली उलटी स्प्रिंग कोण पुसणार? तोच व्हिडिओ परत लावा, आणि कुठे चुकलं ते वर लिहा. आणखी कोणी बघितला असेल, तो बिचारा अजून दोरे जोडत बसला असेल.’

अजून उत्तर नाही. मिस्त्री रोज दुकान उघडल्यावर आधी मोबाइल बघतात. खरं सांगायचं तर मीही वाकून बघतो.