भरल्या काकणांचा गुन्हा

खोताच्या अंगणात माझा बापूस दगड शोधत होता. माझ्या हातातली काकणं फोडायला. खोत ओटीवर झोपाळ्यावर बसलेला, पान चघळत. बोलला, "बघतोस काय? पोर तुझी, तूच फोड." आमच्यात काकणं फोडतात ती नवरा मेल्यावर. मी सतरा वर्षांची, लग्नही झालं नव्हतं. बापाला दगड सापडेना म्हणून खोताचा दिवाणजी दात काढत होता.

झालं होतं एवढंच. आदल्या दिवशी गावदेवीची जत्रा. खाडीपलीकडचा एक पोरगा, मिठाच्या मचव्यावर खलाशी. मिठागरातून आम्ही बाया डोक्यावरनं पाट्या वाहायचो, त्या त्याच्याच मचव्यात रित्या करायचो. दोन हंगाम तो मेला नुसता बघत होता. जत्रेत एकदाचा बोलला, "येतंस का पाळन्यात?" गेले. पाळण्यात बसले, खाजं खाल्लं. मग कासाराकडं त्यानं मला हिरवी काकणं भरली, दोन्ही हात भरून. आमच्याकडं पोरानं काकणं भरली न् पोरीनं भरून घेतली की शब्द झाला. मला पक्कं ठाऊक होतं ते. भोळीबिळी नव्हते मी.

घरी आईनं आधी माझे हात बघितले, मग तोंड. "गो बाय, कोनी भरली?"

सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि लगेच विचारलं, "दारू पितो काय गो तो?"

बापूस जाळं सांधत होता. मान वर न करता बोलला, "खलाशी हाय ना? मंग पवता येत आसंल."

"पोर चालली हातची, न् याला पवन्याचं पडलंय!" आई करवादली. बापूस हसला. मग तीही हसली. मला वाटलं, सुटले.

जेवताना बापूस हळूच बोलला, "खोताला इचारलं न्हाय गो." तिघांचाही घास तिथंच थांबला.

आमच्या गावात कुळाच्या पोरीची सोयरीक करायची तर आधी नारळ घेऊन खोताच्या दारात उभं राहायचं. पायरीवरचा नारळ त्यानं उचलला तर लग्न. आम्ही कसत होतो ते शेत त्याचं, न् मी त्याच्याच मिठागरात राबणारी. खाडीपलीकडं गेले की त्याचे दोन हात कमी. सकाळी आम्ही तिघं नारळ घेऊन गेलो. दिवाणजीनं जत्रेतली चुगली आधीच केलेली.

"आधी काकणं, मग नारळ?" खोत बोलला. "कुळं माजली."

"चुकी झाली धनी. पोर हाय." माझा बापूस. भर वाऱ्यात होडी हाकणारा माणूस. आई तर खाली मातीतच बसली, डोकं टेकून. काल चुलीपाशी हसलेली ती हीच माणसं. मला खोताचा राग आला, पण त्याहून जास्त त्यांचा आला. खोटं कशाला बोलू?

दगड सापडला. बापूसनं माझं मनगट धरलं. मी मनगट सोडवून घेतलं.

"बाबा, माजा नवरा जिता हाय."

पायरीवरचा नारळ मीच उचलला आणि चालू लागले. मागनं खोत ओरडला, "शेत काढून घेईन!"

घेतलं. आम्हाला मिठागरही बंद केलं. लग्न केलं मी त्याच पोराशी, पण बापूस उतारवयात उरणला हमाली करत पाठीतून मोडला. ते माझ्यापायी. मी नाकारत नाही. आई मरेपर्यंत बोलून दाखवायची, "तवा गप ऱ्हायली आसतीस तर." मी गप्प ऐकून घ्यायचे. पण चुकले असं कधी बोलले नाही.

आता माझी थोरली सोळाची आहे. खोत अजून आहे, त्याचं अंगणही आहे, आणि आता खाडीच्या या काठालाही त्याचाच शब्द चालतो. उद्या ती कुणाचं नाव घेऊन घरी आली तर मी बोंब मारीन, तिच्याशी भांडेन, तिचा बापही भांडेल. आईबापाचा तो हक्क. पण खोताचं बोलावणं आलं तर निरोप्यापुढं मी उभी राहीन. माझ्या पोरीच्या बापाला मी त्या अंगणात जाऊ देणार नाही.